फुफूची गादी

लग्नापासूनच्या सदतीस वर्षांत सुग्राबीने नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. बोरी अरबात कोणतीच बाई काढत नसे, पण सुग्राबीचं न काढणं जरा जास्तच कडक होतं. सत्तावन सालच्या निवडणुकीआधी मतदारांची नावं लिहायला एक कारकून दारात आला.

"पतीचं नाव?"

"मुख्तारच्या अब्बाचं नाव लिवा."

"अहो बाई, मुख्तारच्या अब्बाचं नाव काय?"

"शिकले-सवरले दिसता, अन् एवढं नाही मालूम? साऱ्या गावाच्या गाद्या भरते तो माणूस!"

कारकून घामाघूम झाला. शेवटी तांड्यावरून दूध घालायला आलेल्या रुपीबाईने चरवी खाली ठेवून ते नाव सांगितलं आणि त्याने एकदाचं लिहून घेतलं. तेवढा वेळ सुग्राबी पदर दातात धरून कडुलिंबाच्या शेंड्याकडे पाहत राहिली.

तिचा नवरा पिंजारी होता. कापसाच्या मुलखात पिंजाऱ्याला काम कमी नसतं. दिवाळी झाली की खांद्यावर पिंजण, कापूस पिंजायचं लांब धनुकलं, टाकून तो गावोगाव फिरे, दारव्ह्यापासून राळेगावपर्यंत. पिंजणीची तात वाजायला लागली की घट्ट झालेला कापूस ढगासारखा वर यायचा आणि बारीक धूळ त्याच्या भुवयांवर, दाढीवर, आणि शेवटी छातीत जाऊन बसायची. त्या धुळीनेच तो गेला. गेला त्या हिवाळ्यात त्याला चार पावलं चालली की धाप लागत होती, तरी त्याने ओसरीत बसून दहा शेर कापूस पिंजला. थोडा थोडा. कधी दिवसाला मूठभर.

"हा कोनाचा?" सुग्राबीने विचारलं होतं.

"रुकीचा. तुह्या भावाच्या पोरीचा. तिच्या लग्नात गादी लागन न फुफूची."

"तुमाले ते घरात घेत नाही, अन् तुमी त्यांच्या पोरीले गादी भरून राह्यले?"

"नाव नको सांगू कोनाची भरली ते. नाव नाही घेतलं तरी चालते. झोप तं लागन पोरीले."

असा माणूस होता. सुग्राबी तशी नव्हती.

सुग्राबी जन्माची वऱ्हाडची नव्हे. ती खारवडी बंदरची, रत्नागिरी जिल्ह्यातली, दोन गलबतांच्या धन्याची मुलगी. तिच्या बापाला सगळं बंदर नाखवा म्हणे. पावसाळा सरला की वऱ्हाडातून एक तरुण पिंजारी खारवडीला येई, मोहल्ल्यातल्या ओलाव्याने गोळा झालेल्या गाद्या उसवून, पिंजून, पुन्हा भरून जाई. चौथ्या वर्षी सुग्राबीने बापाला स्वच्छ सांगितलं की करीन तर त्या माणसाशीच, नाहीतर ही खाडी आहे आणि मी आहे. बापाने निकाह लावून दिला. चार माणसं, ना ढोल ना मांडव. आणि पाठवणी करताना दारात उभं राहून म्हणाला, "या घरात पिंजाऱ्याचं नाव कुणी काढायचं नाय." त्यानंतर पिंजारी खारवडीला फिरकला नाही, आणि नवऱ्याला नाही तिथे आपणही नाही म्हणून सुग्राबीसुद्धा गेली नाही. बाप गेला, आई गेली, तरी गेली नाही. ईदेला धाकट्या भावाचं, कासमचं, कार्ड यायचं तेवढंच.

आता एकसष्ट साली कासमचं चांगलं दोन पानी पत्र आलं. मुख्तारने, तिच्या मुलाने, सायकल दुरुस्तीच्या दुकानातून येऊन तेलकट हातानेच ते वाचून दाखवलं. रुकय्याचं, कासमच्या रुकीचं, लग्न मेमध्ये ठरलं होतं, आणि सुग्राबी तिची फुफू, म्हणजे आत्या. मुलाकडचे दाभोळकडचे, मोठे लोक. "आपा, नवरीची पहिली गादी फुफूकडून येते ही आपली रीत तुम्हांला ठाऊक आहे. फुफू जिवंत असून गादी नाही तर लोक बोलतील. गादीची सोय इथेच करून ठेवू. तुम्ही फक्त हजर राहावे."

"गादीची सोय इथंच करतो म्हनते!" सुग्राबी उठूनच बसली. "पिंजाऱ्याच्या घरची बाई अन् गादी दुसऱ्याची? ज्यानं जन्मात कापूस झाडावर पाह्यला नाही त्याच्या हातची?"

"मी येतो संगं अम्मी, एवढ्या लांब..."

"तू दुकान पाय. मी काय दूधपिती हावो?"

दहा शेर कापूस तिने जाड निळ्या पट्ट्यांच्या कापडात भरला, टाके घातले, गादीची वळकटी करून गोणपाटात बांधली. दारव्ह्याहून लहान गाडी, मूर्तिजापुराहून मोठी गाडी, मुंबईहून आगबोट. मुंबईच्या धक्क्यावर हमालाने वळकटी मालाच्या फळीवर टाकायला घेतली, तर तिने ती त्याच्या हातून ओढली आणि आगबोटीवर सबंध रात्र तिच्यावरच बसून काढली. खारवडीला बोट किनाऱ्याला लागत नाही, पडाव येतो. पडावात उतरताना खलाशी ओरडला, "म्हातारे, आधी तू ये, मग तुझी गादी." सुग्राबी म्हणाली, "आधी गादी. मी भिजली तं वाळन."

सदतीस वर्षांनी तिने खारवडीच्या वाळूवर पाय ठेवला. माड तेवढेच, मशिदीचा चुना नवा, आणि नाखव्याच्या घराला पुढून पत्र्याची पडवी. कासमने तिला मिठी मारली, त्याचे डोळे खरोखर भरले. भावजय हलीमाने पाय धुवायला पाणी दिलं. सगळं रीतीने झालं. नुसती सुग्राबी बोलायला लागली की पोरीबाळी तोंडाला ओढणी लावायच्या.

"मी आंघोळीले जातो," ती म्हणाली, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"जातो म्हणते! पुरुषासारखं!"

"आमच्याकडे बाया अशाच बोलतात," सुग्राबीने वळून सांगितलं. "म्हनून त्यांचं कोनी ऐकते तरी."

नवरी मात्र हसली नाही. रुकय्या तिच्या मांडीला मांडी लावून बसली आणि वळकटीला हात लावून म्हणाली, "फुफू, ही माझी?"

"तुहीच. आता नको उघडू."

हलीमाने वळकटी उचलून नेली. "वर माळ्यावर ठेवते, उंदीर नको." गोड आवाजात म्हणाली. सुग्राबी प्रवासाने पार मोडली होती, तिने होकार दिला. दोन दिवस ती घरोघर फिरली, जुन्या ओळखी काढल्या, कोण गेलं कोण उरलं ते मोजलं. भाताने पोट भरेना म्हणून बरोबर आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी स्वतः थापल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती घराच्या मागच्या बाजूला गेली. तिथे जाळी आणि वल्ही ठेवायची खोपी होती. दार ओढताच सुकटीचा वास नाकात भरला, आणि बोंबलांच्या पाट्यांखाली, दमट जमिनीवर, तिला आपलं गोणपाट दिसलं.

तिने सुतळी तोडून वळकटी उलगडली. निळं कापड चिकट झालं होतं. हात दाबला तर कापूस खाली बसला आणि वर आलाच नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी धापा टाकत एका माणसाने मूठ मूठ पिंजलेला कापूस तीन दिवसांत गोळा होऊन पडला होता आणि त्याला बोंबलाचा वास मारत होता.

सुग्राबी रडली नाही. ती गादी डोक्यावर घेऊन पुढच्या अंगणात आली. तिथे हलीमा मांडवाच्या झावळ्या बांधून घेत होती.

"भाबी, हा तुमचा माळा का? मासे कधीपासून माळ्यावर झोपायले लागले?"

हलीमाचा चेहरा पडला, पण तीही नाखव्याच्या घरची सून. "आपा, चुकून ठेवली असेल गड्यांनी. नाहीतरी आम्ही रत्नागिरीहून गादी मागवली हाय. मखमलीची. पाहुण्यांना दाखवायला ती बरी. तुमची... घरात वापरू की."

"घरात म्हंजे खोपीत."

"आपा, समजून घ्या. मुलाकडचे विचारतात फुफूचे घरवाले काय करायचे. आम्ही सांगितलंय, कापसाचे व्यापारी होते वऱ्हाडात. मोठे. आता तुम्ही ही असली गादी..."

म्हणजे असं होतं. गादी फुफूची हवी होती, फुफूचा माणूस नको होता.

खारवडीत लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मांडवात नवरीला मिळालेलं सगळं सामान मांडतात. गावातला एक जाणता माणूस एकेक जिन्नस दाखवून मोठ्याने पुकारतो: हे कोणाकडून, कोणत्या गावचं. एकदा पुकारलं की ते नाव त्या वस्तूला जन्मभर चिकटतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या घंगाळालाही बायका अजून 'अमक्या मामूचं घंगाळ' म्हणतात. सुग्राबीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. त्या पुकाऱ्यासाठीच तर ती पाच-सहाशे मैल वळकटी सांभाळत आली होती. बापाने या घरात ज्या नावाला बंदी केली, ते नाव त्याच घराच्या मांडवात पुकारलं जावं. तिला दुसरं काही नको होतं.

पुकारा उद्या दुपारी होता. गादी आज चिंब होती. ती गादी घेऊन जोहराबीकडे निघाली.

जोहराबी तिची बालमैत्रीण. दोघी एका वयाच्या, एकाच मदरशातून एकाच दिवशी हाकलून दिलेल्या. तिचा नवरा खलाशी होता, तो समुद्रातच राहिला. आता ती एकटी बापाच्या घरात राहायची, आणि तिच्या बापाच्याच ओटीवर त्या काळी वऱ्हाडचा पिंजारी उतरायचा.

"जोहरे, तुह्या अंगनात ऊन कुठवर राह्यते?"

"असरच्या बांगेपर्यंत, उन्हं कलेपर्यंत. काय गो, डोक्यावर संसार घेऊन आलीस?"

सुग्राबीने सगळं सांगितलं. जोहराबीने मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही, नुसती टाके उसवायला बसली. दोघींनी कापूस चटईवर पसरला. कडक ऊन होतं. दुपारपर्यंत कापूस वाळला, वासही पुष्कळसा उडाला, पण गठळ्या तशाच राहिल्या.

"आता हाताने किती मोकळा करशील?" जोहराबी म्हणाली. "बोटं झडतील."

"पिंजन असती तं..."

जोहराबीने हातातली गठळी टाकली. मग उठून आत गेली, माळ्यावर काहीतरी ओढल्याचा आवाज आला, दोन शिंका आल्या, आणि ती बाहेर आली ती हातभर रुंद, पुरुषभर लांब लाकूड घेऊन. त्याला अजून कांद्याच्या तीन माळा लटकत होत्या.

"ही घे. तुझ्या घरवाल्याची. निकाहाच्या सकाळी म्हणाला होता, पुढच्या साली येतो तवर ठेवा. मग तुझ्या बापाने त्याला बंदी केली. आईने फेकायला काढली होती, मी म्हटलं राहू दे, कांदे सुकवायला बरी हाय. सदतीस वर्षं कांदे खाल्ले आम्ही या पिंजणीवरचे."

सुग्राबीने कांदे काढले. लाकूड हाताने पुसलं. मुठीच्या जागी ते गुळगुळीत झिजलं होतं, चार हिवाळ्यांचं झिजणं, तेव्हाच्या तरण्या हाताचं. नंतरच्या पस्तीस वर्षांचा हात तिला पाठ होता. हा हात मात्र तिने फक्त खिडकीच्या फटीतून पाहिलेला होता. तिने त्या झिजलेल्या जागी आपली मूठ बसवून पाहिली. जोहराबी मुद्दाम कांदे मोजत बसली.

"तात नाही हिले," शेवटी सुग्राबी म्हणाली. तात म्हणजे पिंजणीची आतड्याची दोरी. ती कधीच कुजून गेली होती.

"खारवडीत दोरीला तोटा नाय." जोहराबीने नवऱ्याच्या पेटीतून मोठ्या माशाच्या गळाची, राळ लावलेली, पिळाची दोरी काढली. दोघींनी पायाने लाकूड दाबून ती ताणून बांधली. सुग्राबीने बोटाने छेडली. आवाज बोरीतल्यापेक्षा जाड होता, पण होता. ठोकायला वरवंट्याएवढा लाकडी ठोकळा घेतला, नाकातोंडाला पदर बांधला आणि ती बसली.

तुंय. तुंय. तुंय.

पहिल्या गठळ्या फुटायला वेळ लागला. मग हात बसला. बोरीत सगळ्या हिवाळ्यात नवऱ्याबरोबर तिनेही हे केलं होतं, तो गावोगाव फिरायला गेला की घरचं काम तीच उरकायची. कापूस थरथरायला लागला, सुटला, वर आला. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी तो आवाज ऐकला आणि एकेक जण गडग्यावरून डोकावायला लागला.

"वऱ्हाडचा पिंजारी आला काय गो? या दिवसांत?"

"पिंजारी नाय, पिंजारीण आली!" जोहराबी ओरडून सांगत होती. "नाखव्याची सुग्रा!"

दोन तासांत अंगणात दहा-बारा बायका जमल्या. एकीने उशी आणली, एकीने अर्धी रजई. एक म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, "तो पोरगा माझ्या बाळंतपणाची गादी भरून गेला होता. अजून हाय. भारी सभ्य पोरगा. मान वर करून बघायचा नाय."

"मले तं पाह्यलं," सुग्राबी पदराआडून म्हणाली, आणि बायका अशा हसल्या की कापूस उडाला.

आवाज कासमपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. तो आला तो टोपी हातात घेऊन, घामेजलेला. बायका बाजूला सरल्या.

"आपा, हे काय? मुलाकडची दोन माणसं येऊन पोचली सुद्धा! नाखव्याची मुलगी रस्त्यावर बसून कापूस पिंजते?"

"रस्त्यावर नाही, जोहरीच्या अंगनात. अन् पिंजून राह्यली कारन तुह्या बायकोनं माह्या गादीले बोंबील केलं."

"मी मखमलीची आणलीय ना! तुमच्याच नावाने पुकारू. तुमचाच मान."

"कोनाच्या नावानं?"

कासमने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बोल न. पुकारनारा काय पुकारन?"

"कापसाचे व्यापारी, वऱ्हाड..."

"व्यापाऱ्याच्या खांद्यावर पिंजन असते का रे? तू लहान होतास तं त्याच्या कापसात लोळला. त्यानं तुले कापसाची दाढी लावली होती. तू नाखव्याले दाखवायले पळाला, अन् मार खाल्ला. आठवते?"

कासमला आठवत होतं. ते त्याच्या तोंडावर दिसलं. पण तो म्हणाला, "अब्बांनी सांगितलं होतं. या घरात..."

"अब्बा कबरीत हाय, कासम. तिथंबी त्यानं नाव ऐकलं तं ऐकू दे." तिने ठोकळा खाली ठेवला. "नीट ऐक. उद्या ही गादी मांडवात जाईन, अन् मुख्तारच्या अब्बाच्या नावानं पुकारली जाईन. नाव, धंदा, गाव. तिन्ही. नाही तं परवाची आगबोट या मौसमाची शेवटची हाय. मी गादी घेऊन तिच्यात बसतो. निघायच्या आधी त्या दाभोळवाल्यांले सांगतो का नवरीले फुफू होती, पन गादीसकट परत धाडली."

"आपा, तुम्ही असं करणार नाय."

"मी अठराव्या वर्षी नाखव्यापुढं काय केलं ते तुले मालूम नाही का?"

कासमने टोपी डोक्यावर घातली. "बरं," तो म्हणाला. "पुकारू."

संध्याकाळपर्यंत दोघींनी गादी पुन्हा भरली. जोहराबीने सुई ओवून दिली, सुग्राबीने टाके घातले. हात दाबला की गादी खाली जायची आणि सावकाश वर यायची, एखाद्या झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. नाक लावलं तर बोंबलाची एक पुसटशी सय उरली होती. "राहू दे," जोहराबी म्हणाली. "पोरीला माहेराचा वास येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडव भरला. एका बाजूला पुरुष, पडद्याच्या अलीकडे बायका. मधोमध घंगाळं, पराती, पेट्या, हंडे, आणि सगळ्यांत पुढे निळ्या पट्ट्यांची गादी. मखमलीची मागे भिंतीला उभी होती. कासमने तेवढा शब्द पाळला होता. सुग्राबी पहिल्या ओळीत बसली. तिने नवी पांढरी ओढणी घेतली होती. तिच्या शेजारी जोहराबी, आणि पलीकडे मुलाकडची जाडजूड आजी, दोन्ही हातांत चांदीची कडी.

पुकारायचं काम बाबामियांकडे होतं, मशिदीची देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्याकडे. त्यांच्या हातात कासमच्या अक्षरातला कागद होता. त्यांनी घसा साफ केला.

"तांब्याचं घंगाळ! मामू हुसेन दर्यावर्दी, हर्णै!"

"माशाल्ला," लोक म्हणाले.

"पितळी पेटी! खालू अहमद, जयगड!"

मग ते गादीपाशी आले. कागद डोळ्यांजवळ नेला.

"फुफूची गादी!" त्यांनी पुकारलं. "वऱ्हाडचे कापसाचे मोठे व्यापारी यांच्या घरून!"

"माशाल्ला," लोक म्हणाले. मुलाकडच्या आजीने कौतुकाने मान हलवली.

सुग्राबीने कासमकडे पाहिलं. कासम मांडवाचा खांब धरून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. नाव नाही. धंदा खोटा. गाव नाही. कागदावर काय लिहायचं ते त्याने आपल्या हाताने ठरवलं होतं, आणि ही म्हातारी एवढ्या माणसांसमोर काय बोलणार, नवऱ्याचं नाव थोडंच घेणार आहे, हेही तो धरून चालला होता. त्याने अगदी बरोबर हिशेब केला होता. सुग्राबीने सदतीस वर्षांत ते नाव घेतलं नव्हतं, हे तिनेच परवा पोरींना अभिमानाने सांगितलं होतं.

बाबामियां पुढच्या परातीकडे वळले.

"थांबा," सुग्राबी म्हणाली.

ती उठली. गुडघा वाजला. तिने पडदा बाजूला केला नाही, पडद्याच्या कडेला येऊन उभी राहिली, जिथून ती सगळ्यांना दिसत होती. तिने जोहराबीकडे पाहिलं. तिला वाटलं होतं रुपीबाईसारखं आज कुणीतरी चरवी खाली ठेवून बोलेल. जोहराबीला नाव ठाऊक होतं. बाबामियांना ठाऊक होतं, निकाह त्यांच्याच बापाने लावला होता. मांडवातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. जोहराबीसुद्धा नाही. ती नुसती वर पाहत होती, हनुवटी पुढे काढून, म्हणजे आता तूच.

नवरा म्हणाला होता, नाव नाही घेतलं तरी चालते. त्याला चालत असेल.

"कागद चुकला बाबामियां," सुग्राबी म्हणाली. "तुमी डोळ्यानं बरोबर वाचलं, लिवनाऱ्यानं चूक लिवलं. मी सांगतो, तुमी पुकारा." जीभ टाळूला लागली. तिने ओढणीचं टोक दातात धरायला उचललं आणि मग खाली सोडून दिलं. "जफर. जफर पिंजारी. बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ."

हलीमाने कपाळाला हात लावला. मुलाकडच्या आजीने शेजारणीला विचारलं, "काय म्हणाली? पिंजारी?"

तेवढ्यात मागून जोहराबीचा आवाज आला. जोहराबीला भिंतीपलीकडची मांजर चाललेली ऐकू यायची.

"मोठ्याने बोल गो! मला ऐकू नाय आलं!"

सुग्राबीला हसू आलं. दुसऱ्या खेपेला नाव जिभेला अडलं नाही.

"जफर पिंजारी!" ती गरजली, बोरीच्या बाजारात हाक मारावी तशी. "याच गावात चार वर्सं तुमच्या गाद्या भरून गेला तो! ही त्याच्या हातची शेवटची हाय. ज्याले झोप पाहिजे त्यानं घ्यावी, ज्याले मखमल पाहिजे त्यानं ते भिताडाशी उभी हाय तिच्यावर निजावं!"

मुलाकडची आजी उठली. तिला उठायला दोन सुनांचे हात लागले. ती गादीपाशी आली, चांदीचं कडं मागे सारलं आणि तळवा गादीत दाबला. गादी खाली गेली, वर आली. तिने पुन्हा दाबला. "दहा शेर?" तिने विचारलं.

"दहा."

"आमच्या कापसाच्या गाद्या दोन पावसाळ्यांत दगड होतात."

"उन्हात टाका, पिंजून घ्या. कापूस मरत नाही. त्याले कुजवलं तं गोष्ट वेगळी." सुग्राबीने हे हलीमाकडे न पाहता सांगितलं, आणि ते हलीमाला नीट पोचलं.

आजी तिथेच गादीच्या कडेवर बसली, पाय लांब केले, आणि उठायचं नाव घेईना. रुकय्या पडद्याआडून हे बघत होती, आणि सदतीस वर्षांपूर्वीच्या सुग्राबीसारखी खाली मान न घालता हसत होती.

बाबामियांनी कागद दुमडून खिशात घातला. कासमकडे पाहिलं. कासम खांब सोडून दोन पावलं पुढे आला आणि सगळ्यांदेखत होकाराची मान हलवली. मनापासून की नाइलाजाने, हे सुग्राबीने विचारलं नाही. तिला त्याची गरज नव्हती.

बाबामियांनी छाती भरून श्वास घेतला.

"फुफूची गादी! जफर पिंजारी, बोरी अरब, जिल्हा यवतमाळ!"

"माशाल्ला!" पहिला आवाज जोहराबीचा, मग काठीवाल्या म्हातारीचा, मग बाकीच्यांचा.

सुग्राबी आपल्या जागी जाऊन बसली. ओढणी सारखी केली.

"चला बाबामियां," ती म्हणाली. "थांबले काहून? परात कोनाची हाय ते वाचा."